नकाशात मराठी नव्हती

"ग्लायोमा," सर्जन मॅडम म्हणाल्या आणि आमच्याकडे न बघता पडद्याकडे बघत राहिल्या. ग्लायोमा म्हणजे मेंदूच्या आपल्याच पेशींपासून झालेली गाठ. बाहेरून आलेली नाही, आपलंच अंग आपल्यावर उलटलेलं. डाव्या कानाच्या वर, आत, एक पांढुरका डाग होता. मॅडमनी त्यावर पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाल्या, "और ये बोलने की जगह है।"

हे, म्हणजे माझे यजमान, शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी अगदी ऑफिसच्या मीटिंगमध्ये विचारावं तसं विचारलं, "मॅडम, नहीं निकालें तो?"

"तो बढ़ेगी। बोलना जाएगा, फिर बाकी भी जाएगा।"

"और निकालें तो?"

"तो कोशिश करेंगे कि बोलना न जाए।"

कोशिश! त्यापुढे आमचं एकच मागणं राहिलं. गाठ जावी आणि यांचं बोलणं राहावं. चालणं-फिरणं, हात, नजर, सगळं त्यानंतर. कारण हा माणूस म्हणजे बोलणंच होता. भाजीवाल्याशी बोलणार, वॉचमनशी बोलणार, रॉंग नंबर लागला तर त्याच्याशीही चार शब्द बोलणार. मी किती वेळा वैतागून म्हटलं असेल, अहो, जरा तोंडाला विश्रांती द्या. असलं काहीबाही आपण म्हणतो आणि विसरतो.

हे सगळं मी लिहितेय ते ज्यांच्या घरात असं काही निघालंय त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत फायली सरकवून निवृत्त झालेली बाई आहे. चुकत असेन तिथे आपल्या डॉक्टरांचंच खरं माना.

सुरुवात फार फालतू होती. एके दिवशी दिल्लीतल्या मुनिरक्याच्या आमच्या घरात हे ओट्याशी उभे राहून म्हणाले, "अगं ते दे... ते, फोडणीतलं, हिरवं." कढीपत्ता हा शब्द आठवेना. मी हसले. म्हटलं, झालं, साठी बुद्धी नाठी. मग हळूहळू किसणी गेली, सतरंजी गेली, उंबरठा गेला. एका रविवारी ते सांगलीला अक्काशी फोनवर बोलत होते. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण, माझ्या नणंदबाई. बोलता बोलता मध्येच थांबले. ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. थोड्या वेळाने सगळं पूर्ववत झालं, पण मी ते तोंड बघितलं होतं. दुसऱ्याच दिवशी ओढत नेलं डॉक्टरकडे.

घराजवळच्या सेंटरमध्ये पहिला एमआरआय काढला. यांना कुठे पडून राहता येतंय! हलले, त्यामुळे चित्र पुसट आलं. मोठ्या हॉस्पिटलात मॅडमनी ते एकदा बघितलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाल्या, हे परत करू, आणि नुसतं एवढ्यावर भागणार नाही.

का भागणार नाही ते त्यांनी नीट समजावलं, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते. पण गाठ आणि गाठीभोवतीची सूज दोन्ही पांढरीच दिसते, त्यामुळे कुठे काय संपतं ते कळत नाही. पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सर्गी साखर टोचतात. ज्या पेशी अधाशी असतात त्या ती जास्त ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. म्हणजे गाठीतला सगळ्यात जोरावलेला भाग कुठला ते समजतं, पण चित्र धुकट असतं. तिसरा फंक्शनल एमआरआय. माणूस बोलतो तेव्हा मेंदूच्या ज्या भागाला काम पडतं तिकडे रक्त धावतं, ते यात दिसतं. आता ही तिन्ही चित्रं कॉम्प्युटरवर नेमकी एकावर एक बसवायची. त्याला इमेज फ्युजन म्हणतात. एकेकटी तिन्ही अर्धवट, एकत्र नांदली की शहाणी. त्या एका चित्राच्या आधाराने मॅडम हत्यार चालवणार होत्या.

पेट स्कॅनला आमची फजिती झाली, तेवढी सांगते. टेक्निशियनने सांगितलं होतं, "कल फास्टिंग में आना है।" तोवर अक्का सांगलीहून आल्या होत्या. यांनी घरी येऊन त्यांना सांगितलं, "अक्का, उद्या मला उपास आहे." झालं! सकाळी मी आंघोळ करून बाहेर येते तो काय, हे डायनिंग टेबलाशी बसून साबुदाण्याची खिचडी खातायत. बटाटा घातलेली, वर दाण्याचं कूट, शेजारी दही. मी ओरडले. अक्का म्हणाल्या, "अगं, उपासाचंच आहे सगळं. मीठसुद्धा सैंधव घातलंय!"

हॉस्पिटलात रक्तातली साखर तपासली, ती वर. टेक्निशियन म्हणाला, "अंकल, फास्टिंग बोला था ना?" हे म्हणाले, "फास्ट ही तो है, साबूदाना खाया है।" तो बिचारा कपाळाला हात लावून बसला. खाल्लेल्या साखरेने पेशींचं पोट भरलं की टोचलेली साखर त्या घेत नाहीत आणि चित्र फिकट येतं. पुढची तारीख घेऊन परत आलो. अक्का माझ्यावरच चिडल्या. "मग निर्जळी म्हणायचं होतं! मला काय ठाऊक तुमचा दिल्लीचा उपास." त्या आजारपणात आम्ही मनापासून हसलो ते तेवढंच.

दुसऱ्या फजितीला मात्र हसू आलं नाही. तिला फजिती तरी कशी म्हणू?

फंक्शनल एमआरआयच्या खोलीबाहेर एका तरुण डॉक्टरने यांना विचारलं, "सर, आप किस भाषा में कम्फर्टेबल हैं?"

हे म्हणाले, "हिंदी, इंग्लिश, कुछ भी चलेगा।"

मी शेजारीच होते. म्हटलं, "अहो, मराठी सांगा ना."

"गप गं. यांना मराठी माणूस कुठून मिळणार? उगाच कशाला कोणाला त्रास."

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. त्या मुलाला सरळ सांगितलं, "बेटा, हम घर में मराठी बोलते हैं।" त्याने यांच्याकडे बघितलं. यांनी हात हलवला. "नहीं नहीं, हिंदी बिल्कुल ठीक है।"

आता यांची हिंदी ठीक नव्हे, उत्तमच होती. सांगलीतून चोविसाव्या वर्षी दिल्लीला आलेला हा मुलगा ऑफिसात अशी हिंदी लिहायचा की लोक विचारत, आप इलाहाबाद के हैं क्या? याचा त्यांना कोण अभिमान! आणि दिल्लीतल्या आम्हा सगळ्या मराठी माणसांची तीच रीत. दाराशी चपला काढाव्या तशी हिंदी दाराशी काढायची आणि घरात मराठी बोलायची. बाहेर पडताना परत चढवायची. बाहेर कोणी भाषा विचारली की तोंडातून आपोआप हिंदीच निघते. हॉस्पिटल म्हणजे बाहेर. मेंदूच्या आत काय आहे ते बघायला आलोय हे कोणाच्या ध्यानात राहणार? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

त्या नळीत पडून त्यांना मनातल्या मनात शब्द आठवायला सांगितले. बाहेर आले ते मजेत होते. म्हणाले, "अगं, 'क' से शब्द सोचिए म्हणाले. मी म्हटलं, क से कबूतर! शाळेत गेल्यासारखं वाटलं." आपल्याकडे क कमळाचा असतो. मला तेव्हा ते खटकलंसुद्धा नाही.

मग ते एकत्र केलेलं चित्र मॅडमनी आम्हाला दाखवलं. करडा मेंदू, त्यात नारिंगी गाठ, आणि तिच्या मागे अगदी लागून हिरवा पट्टा. "हरा मतलब भाषा," मॅडम म्हणाल्या. "जहाँ हरा शुरू, वहाँ मैं रुकूँगी।" नारिंगी आणि हिरव्यात बारीक फट होती. ती फट बघून आमची मुलगी केतकी रडायलाच लागली, आनंदाने. "आई, गॅप आहे! बाबा विल बी फाइन यार!" मीही त्या फटीला हात जोडले. आज वाटतं, त्या फटीत काय होतं ते कोणी विचारलंच नव्हतं.

असलं ऑपरेशन माणसाला जागं ठेवून करतात. मेंदूला दुखत नाही म्हणे. मेंदूच्या एकेका ठिकाणी विजेचा हलका स्पर्श करत चित्रं दाखवतात, आणि शब्द अडला की ती जागा सोडून देतात. मला आत काय झालं ते नंतर त्याच तरुण डॉक्टरने सांगितलं. यांनी एकूण एक चित्रं ओळखली. घोड़ा, छाता, ताला, चाबी. दोनदा अडखळले, तिथे मॅडम थांबल्या. जिथे हिंदी अडखळली तिथे त्या थांबल्या.

शेवटी त्यांना परत झोपवलं होतं, त्यातून जागे झाल्यावर आयसीयूत मला आत सोडलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "अहो." त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पानी।"

बोलले! नर्स हसली, केतकीने काचेपलीकडून अंगठा दाखवला. पाणी मागितलं त्यांनी. जीभ जड झाली असेल, म्हणून ण चा न झाला असेल, असं मला वाटलं. असं वाटायला काय लागतं?

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा हे चांगले बोलले. "मॅडम, आपका बहुत-बहुत धन्यवाद।" पूर्ण वाक्य, स्पष्ट उच्चार. मॅडमचा चेहरा इतका फुलला की मीही टाळ्या वाजवायचीच बाकी होते. त्या गेल्यावर मी म्हटलं, "कसं वाटतंय?" ते म्हणाले, "ठीक हूँ।" मी म्हटलं, "अहो, मी आहे, माझ्याशी कशाला हिंदी?" त्यांनी तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं. परत प्रयत्न केला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी बोललेलं सगळं कळत होतं. बाहेर येत नव्हतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी ते एकत्र केलेलं चित्र पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या की एका माणसाच्या दोन भाषा मेंदूत बहुतेक एकाच जागी नांदतात, पण काहींच्यात थोड्या अलग असतात. आम्ही हिंदीचा नकाशा काढला आणि हिंदी वाचवली. मी विचारलं, "मराठी में पूछते तो बच जाती?" त्या म्हणाल्या, "शायद। शायद ट्यूमर ने पहले ही ले ली थी। मैं झूठ नहीं बोलूँगी, मुझे पता नहीं।" मग म्हणाल्या, "हमने एक बार पूछा था। दो बार पूछना चाहिए था।"

कोणावर रागावू? पोरगा विचारत होता. बाई जीव तोडून काम करत होती. ज्याच्यावर रागवावं तो अंथरुणात पडून माझ्याकडे लहान मुलासारखा बघत होता. संताप संताप झाला जिवाचा, आणि तो ठेवायला जागा नाही.

घरी आल्यावर, पेट स्कॅननंतर परत गेलेल्या अक्कांचा सांगलीहून फोन आला. मी स्पीकर लावला. हे म्हणाले, "दीदी, मैं ठीक हूँ। आप चिंता मत कीजिए।" जन्मभर जिला अक्का आणि अगंतुगं केलं, तिला दीदी आणि आप. मग अक्का म्हणाल्या, "शैला, कोण बोलतंय हे? माझ्या भावाला दे फोन." हे ऐकत होते. त्यांनी फोनकडे बघितलं आणि उठून आतल्या खोलीत गेले.

केतकी म्हणायची, "आई, थँक गॉड ही इज स्पीकिंग. हिंदी तर हिंदी. वॉर्डातले समोरचे अंकल आठव ना, ते तर बोलतच नव्हते." खरं होतं तिचं. तिचं अर्धं आयुष्य हिंदीतच, तिला तिचा बाप मिळाला होता. मला मिळाला तो एक अतिशय सभ्य गृहस्थ. थाळी पुढे केली की "धन्यवाद" म्हणणारा. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं, आणि मला ते कधी हवंही नव्हतं. आमचं सगळं प्रेम टोमण्यात होतं. टोमणा त्यांना हिंदीत मारता येत नव्हता. ऑफिसात कुठे बायकोला टोमणे मारतात?

दिल्लीभर शोधून मराठी येणारी स्पीच थेरपिस्ट मिळाली नाही. मग मीच बसले. रोज सकाळी ओट्यावर मांडामांड. ही पळी, हा झारा, हे उलथनं, ही किसणी. माझ्यामागून म्हणायचे, पण वस्तू उचलून विचारलं की गप्प. एकदा कंटाळून मी स्वतःशीच पुटपुटले, "बे एके बे." आणि यांनी पुढचं घेतलं. "बे दुणे चार, बे त्रिक सहा." थेट शाळेच्या चालीत, दहापर्यंत! मी किंचाळलेच. तरुण डॉक्टर म्हणाला, पाठ केलेलं मेंदूत वेगळीकडून येतं, त्यावर फार आशा ठेवू नका. नाही ठेवली. पण संध्याकाळी आम्ही बाल्कनीत बसून पाढे म्हणायचो. मी सहाचा सुरू करायची, ते संपवायचे. शेजारच्या मिसेस चढ्ढांना वाटायचं, आमची काही पूजा चालली आहे.

रेडिएशन झालं, केमोच्या गोळ्या झाल्या. वर्षभर तसं बरं गेलं. मग तपासणीच्या एमआरआयमध्ये जुन्या जागेच्या कडेला पांढरं कडं दिसलं. हा रेडिएशनचा व्रण की रोग परत आला, हे नुसत्या एमआरआयवरून सांगता येत नाही. पुन्हा पेट, पुन्हा दोन्ही चित्रं एकावर एक. या वेळी सगळं नेमकं झालं. हे हलले नाहीत, पोटात कण नव्हता. चित्र अगदी स्वच्छ आलं, आणि त्या कड्यात सगळीकडे नारिंगी होतं. मॅडमनी माझा हात धरला. म्हणाल्या, आता कापण्यासारखं काही उरलं नाही.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. असल्या चित्रांची भीती बाळगू नका. एकाने भागत नसेल तर दुसरं, तिसरं काढायला सांगितलं तर डॉक्टर लुबाडतायत असं लगेच धरून चालू नका. त्या चित्रांमुळेच मला वर्षभर चालता-फिरता नवरा मिळाला. पण यंत्र विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. कुठली भाषा, असं कोणी विचारलं तर आपण बाहेर काय बोलतो ते सांगू नका. घरात भांडता कशात ते सांगा. पेशंट भिडस्त असेल तर तुम्ही सांगा, आणि ऐकलं नाही तर पुन्हा सांगा, आरडाओरडा करा. मॅडमच्या विभागात आता पेशंटलाही विचारतात आणि घरच्यांनाही वेगळं विचारतात, असं त्या पोराने मला मुद्दाम फोन करून कळवलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला.

शेवटच्या महिन्यांत हळूहळू सगळंच पुसट होत गेलं. पाढे गेले. केतकी कधी ओळखू यायची, कधी नाही. हिंदी तेवढी टिकली, तीही तुटक. मी मात्र त्यांच्याशी मराठीतच बोलायची. ऐकू येतंय तोवर बोलायचं, असं ठरवलं होतं.

एका दुपारी त्यांना उन्हात बसवून मी मटार सोलत होते आणि तोंडाने नेहमीसारखी बडबड चालू होती. महागाई, केतकीची नोकरी, मिसेस चढ्ढांचा कुत्रा. हे टक लावून माझ्याकडे बघत होते. मग जरा संकोचून, अनोळखी बाईशी बोलावं तसं म्हणाले, "आपकी मराठी बहुत मीठी है। कहाँ सीखी?"

शेंग हातातच राहिली. काय काय तोंडाशी आलं, ते गिळलं.

म्हटलं, "सांगते." आणि सांगितलं. पहाडगंजची मराठी शाळा, घरात आईचं बोलणं, आणि मग सांगलीहून आलेला एक बडबड्या माणूस, माझी दिल्लीची मराठी ऐकून पोट धरधरून हसणारा, एकेक शब्द दुरुस्त करणारा. उन्हं भिंतीवर जाईपर्यंत सांगत होते. त्यांना ती गोष्ट फार आवडली. मध्ये मी थांबले की म्हणायचे, "अच्छा? फिर?"